ट्रेलर रिव्हर्स घेताना कॅमेरा, वॉकीटॉकी आणि नवरा: पूर्ण सीझन वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं सगळं वाचायचं नाहीये त्यांची सुटका. साधी वॉकीटॉकीची जोडी: घ्याच. ट्रेलरच्या मागे लावायचा वायरलेस कॅमेरा: हायवेवर उपयोगी, रिव्हर्सला त्याच्यावर विसंबू नका. नवरा (किंवा बायको, पार्टनर, जे कोण असेल ते): बाहेर उभं करा, पण कुठल्या शब्दाला काय करायचं ते आधी बसून ठरवा. या तिसऱ्याला पैसे पडत नाहीत म्हणून त्याचा रिव्ह्यू कुणी लिहीत नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

आमचा सेटअप सांगते. राहतो न्यू जर्सीत. ट्रेलर कॅम्पिंगचा, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, सिंगल ॲक्सलचा (दोनच चाकांचा), हिचसकट (गाडीला जोडायच्या भागासकट) साधारण २१ फूट. ओढायला तीन रांगांची एसयूव्ही, टोइंग कपॅसिटी ५,००० पौंड. एप्रिलपासून थंडी पडेपर्यंत फिरवला, शेनँडोआ नॅशनल पार्क, ॲसाटीगचा समुद्रकिनारा, पेन्सिल्व्हेनियातली स्टेट पार्क्स. हायवेला दोघं आलटून पालटून चालवतो पण साइटमध्ये (कॅम्पग्राउंडवर आपला ट्रेलर लावायच्या जागेत) घालायचं काम माझं, कारण नवऱ्याची मान पूर्ण वळत नाही आणि बाहेर उभं राहून अंतराचा अंदाज घ्यायला तो माझ्यापेक्षा खरंच चांगला आहे. याचा एक गंमतशीर साइड इफेक्ट म्हणजे प्रत्येक कॅम्पग्राउंडवर कुणी ना कुणी सत्तरीतले आजोबा खुर्चीतून उठून येतात आणि ट्रेलर कसा वळवायचा ते माझ्या नवऱ्याला समजावतात, मी स्टिअरिंगवर बसलेली असते ते त्यांना दिसत नाही बहुतेक.

आता मूळ मुद्दा. आपल्याला वाटतं छोटा ट्रेलर म्हणजे सोपा. उलट आहे. हिचच्या बॉलपासून ट्रेलरच्या चाकापर्यंतचं अंतर जितकं कमी तितका तो झटकन वळतो, म्हणजे स्टिअरिंग जरा जास्त फिरलं की दोन सेकंदांत ट्रेलर आडवा, आणि मग गाडीचा बंपर ट्रेलरच्या पुढच्या जॅकला (ट्रेलर ज्यावर टेकतो त्या वरखाली होणाऱ्या पायाला) आणि गॅस सिलिंडरच्या कव्हरला भिडायच्या बेतात. लांब ट्रेलर आळशी असतो, उशिरा वळतो, पण चूक सुधारायला वेळ देतो. आमच्यासारख्या ट्रेलरला उपाय एकच, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, नुसत्या ब्रेकवर सरपटत जायचं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, घड्याळात सहा असतात तिथे. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरचा मागचा भाग जातो, बाकी डोकं लावायचं नाही. नवरा कोल्हापूरकडचा, उसाच्या ट्रॉल्या बघत मोठा झालेला, त्यामुळे त्याला ही उलटी भानगड आधीपासून माहीत होती. (दोन चाकांची ट्रॉली आणि हा ट्रेलर सारखेच, पण ज्या चार चाकी ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल फिरतो ती रिव्हर्स घेणारे लोक वेगळ्याच लेव्हलचे, तिथे दोन ठिकाणी वळतं.)

पण माहीत असणं वेगळं आणि बाहेरून सांगता येणं वेगळं. सुरुवातीला तो "डावीकडे, डावीकडे" ओरडायचा. कुणाची डावी? मी मान वळवून मागे त्याच्याकडे बघितलं की त्याची डावी ती माझी उजवी. शिवाय डावीकडे म्हणजे स्टिअरिंग डावीकडे का ट्रेलरचं बूड डावीकडे? त्यात "जरासं" आणि "थोडंसं". जरासं म्हणजे किती रे बाबा, चार इंच का चार फूट?

मग आम्ही एका रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये केशरी कोन (रस्त्यावर ठेवतात ते शंकू) ठेवून बसलो आणि ठरवलं ते असं. डावी-उजवी बंद. फक्त "ड्रायव्हर साइड" आणि "पॅसेंजर साइड", आणि ते कायम ट्रेलरच्या मागच्या टोकाबद्दल, स्टिअरिंग कसं फिरवायचं ते त्याने बोलायचंच नाही, तो माझा प्रॉब्लेम. अंतर फुटांत आणि उलटं मोजत, "दहा, आठ, पाच, तीन, थांब". "थांब" म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. आणि सगळ्यात कामाचा नियम म्हणजे आवाज बंद झाला की गाडी बंद. तो "ये ये ये ये" म्हणत राहणार, ते थांबलं, तो खोकला, बॅटरी गेली, मधमाशी आली, काहीही झालं तरी माझा पाय ब्रेकवर. एसटीत एका घंटीला थांबा आणि दोन घंट्यांना चला असतं ना, तसं काहीतरी इतकं कमी शब्दांचं पाहिजे की घाबरलेल्या माणसालाही चुकता येऊ नये.

वॉकीटॉकीबद्दल. आम्ही एफआरएसवाली (कमी पॉवरच्या घरगुती रेडिओची) साधी जोडी घेतली, त्याला अमेरिकेत लायसन्स लागत नाही, २२ चॅनल मिळतात. दुकानात जीएमआरएसवालीही दिसतील, त्यांची पॉवर जास्त, पण त्याला एफसीसीचं (रेडिओवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं) लायसन्स लागतं, ३५ डॉलर, १० वर्षं चालतं, परीक्षा वगैरे नाही आणि घरच्यांनाही तेच चालतं. जंगलात ट्रेकला जाणार असाल तर विचार करा, चाळीस फुटांवरच्या नवऱ्याशी बोलायला काही गरज नाही. बॉक्सवर इतके मैल रेंज तितके मैल रेंज लिहिलेलं असतं त्याच्याकडेही बघू नका. बघायचं ते हे की बटण हातमोजा घालून दाबता येतं का, आणि बोलणं संपल्यावर जो टूंऽ वाजतो तो बंद करता येतो का, नाहीतर डोकं उठतं.

"फोनवर बोला की" म्हणणारे भेटतील. शेनँडोआमध्ये बऱ्याच ठिकाणी सिग्नलच नसतो, आणि सिग्नल असला तरी फोनवर आवाज किंचित उशिरा पोचतो, तेवढ्यात ट्रेलर फूटभर मागे गेलेला असतो.

व्हॉक्स नावाचं एक फीचर असतं, बोललं की आपोआप चालू होणारं, बटण दाबायला नको. ऐकायला भारी वाटतं म्हणून हेडसेटसकट घेतलं. पण ते चालू व्हायला क्षणभर घेतं आणि तेवढ्यात पहिलं अक्षर खातं, मला "थांब" ऐवजी "आंब" ऐकू यायचं. वारा आला की स्वतःहूनच चालू होतं ते वेगळंच. बंद केलं. आता तो बटण दाबूनच ठेवतो आणि अखंड बोलतो.

आणि प्रायव्हसी कोड म्हणजे प्रायव्हसी नाही हं. त्या कोडने तुम्हाला दुसऱ्यांचं ऐकू येत नाही एवढंच, तुमचं मात्र त्या चॅनलवरच्या कुणालाही ऐकू जाऊ शकतं. आम्ही बिनधास्त मराठीत बोलायचो, कुणाला काय कळतंय म्हणून. पेन्सिल्व्हेनियात एकदा माझं "अरे माणसा, त्या झाडाकडे बघशील का जरा" झाल्यावर मध्येच तिसराच आवाज आला, "वहिनी, झाडाला अजून जागा आहे, येऊ द्या". पलीकडच्या लूपमध्ये (कॅम्पग्राउंडमधला गोल रस्ता, त्याच्या कडेने साइट असतात) पुण्याचं कुटुंब उतरलं होतं, ते पोराच्या वॉकीटॉकीवर आमचं ऐकत बसलेले. संध्याकाळी त्यांच्याकडची मिसळ खाल्ली, त्यामुळे तक्रार नाही.

उभं कुठे राहायचं यावर आमचं सगळ्यात जास्त वाजलं असेल. लोक ट्रेलरच्या बरोब्बर मागे उभे राहून हात हलवतात, ते सगळ्यात धोक्याचं, आणि ड्रायव्हरला दिसतही नाही. त्याने मागच्या कोपऱ्याच्या बाजूला, मला आरशात दिसेल असं उभं राहायचं. मला तो दिसला नाही तर मी थांबते, मग त्याने जागा बदलून पुन्हा बोलायला सुरुवात करायची. मुलं आणि कुत्रा गाडीत, ट्रेलर जागेवर लागून गाडी बंद होईपर्यंत दार उघडायचं नाही, यावर चर्चा नाही.

इथे गाडीत आपण डावीकडे बसतो, म्हणून डाव्या हाताची साइट सोपी, खिडकीतून डोकं काढलं की ट्रेलरचं चाक दिसतं. भारतात वर्षानुवर्षं उजवीकडे बसून चालवलेल्यांना इथे थोडे दिवस उलटं वाटणार. उजव्या हाताची साइट आली की खरी परीक्षा, ट्रेलर वळायला लागला की डावा आरसा रिकामा आणि उजव्यात नुसती ट्रेलरची भिंत, मागचं टोक कुठेय काही कळत नाही. तिथे मी पूर्णपणे नवऱ्याच्या आवाजावर असते. बहुतेक लूप वन-वे असतात, उलटं फिरून येऊ म्हणता येत नाही. म्हणून आता बुकिंग करतानाच बघते, रिक्रिएशन डॉट गव्हवर (सरकारी कॅम्पग्राउंडच्या बुकिंगची वेबसाइट) साइटच्या माहितीत बॅक-इन (रिव्हर्सने आत जायची) आहे का पुल-थ्रू (एका बाजूने आत, दुसरीकडून बाहेर), ड्राइव्हवेची लांबी किती, हे दिलेलं असतं, बऱ्याचदा फोटोही असतो. पुल-थ्रू मिळाली तर हा सगळा रिव्ह्यू विसरा आणि सरळ आत जा.

पोचल्यावर आधी गाडी कडेला लावून दोघांनी उतरून साइट बघायची. पाण्याचा नळ, फायर रिंग, टेबल, दगड, आणि वर, वर नक्की बघायचं, कारण छतावर एसी असतो आणि फांद्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. विजेची साइट असेल तर खांब कुठे आहे त्यावरून ट्रेलर कुठे थांबणार ते ठरतं, इथल्या ट्रेलरना वीज-पाण्याची जोडणी ड्रायव्हर साइडला असते आणि आमची ३० अँपची केबल २५ फुटीच आहे. शेनँडोआच्या कॅम्पग्राउंडना हुकअपच (अशा जोडण्याच) नाहीत, तिथे ती कटकट नाही. मग ट्रेलरचं डावं चाक जिथे पाहिजे तिथे नवरा एक केशरी कोन ठेवतो. मला फक्त तो कोन गाठायचा असतो. साइट डावीकडे असेल तर तिच्या तोंडाशी आल्यावर गाडीचं नाक रस्त्याच्या उजव्या कडेकडे न्यायचं, म्हणजे ट्रेलरचं शेपूट आपोआप साइटकडे तिरकं होतं, निम्मं काम तिथेच झालं. वाकडं गेलं तर पुढे घ्यायचं, सरळ करायचं, परत यायचं. पुढे घेण्यात काही कमीपणा नाही, आडवा झालेला ट्रेलर रिव्हर्समध्येच सरळ करायचा हट्ट महाग पडतो. आणि तुमच्याकडे फ्रिक्शनवाला स्वे बार (हायवेवर ट्रेलर डुलू नये म्हणून लावायचा दांडा) असेल तर तो रिव्हर्सच्या आधी काढा, नाहीतर वाकतो.

कॅमेरा. ब्रँडचं नाव नको. हायवेवर लेन बदलताना मागे काय आहे ते दिसतं, तेवढ्यासाठी ठेवलाय. रिव्हर्सला मात्र चित्र किंचित उशिरा येतं, पहाटेचं दव लेन्सवर बसलं की सगळं धुरकट, आणि गाडीची बॅटरी-बिटरी काही कारण नसताना मधूनच सिग्नल जातो. चित्र आरशासारखं उलटं करायचं सेटिंग असतं ते पहिल्याच दिवशी तपासा, नाहीतर ड्रायव्हर साइडचं झाड पॅसेंजर साइडला दिसत राहील. स्क्रीनवरच्या रंगीत रेघा ट्रेलर वळलेला असताना काही उपयोगाच्या नाहीत.

एका मित्राकडे फोर्ड एफ-१५० आहे, त्यात ट्रेलर रिव्हर्स घ्यायची गोल नॉब येते, २०१६च्या मॉडेलपासून आली ती. ट्रेलर जिकडे न्यायचाय तिकडे नॉब फिरवायची, स्टिअरिंग गाडी सांभाळते. मी चालवून बघितली, मस्त आहे, नवशिक्याची निम्मी भीती जाते. पण वरची फांदी आणि मागचा दगड त्या नॉबला दिसत नाही, त्याचीही बायको बाहेर उभी होतीच.

शुक्रवारी ऑफिस करून निघालं की अंधारातच पोचणं होतं. तेव्हा बाहेरच्या माणसाने कपाळावरचा टॉर्च माझ्या आरशात मारू नये, मला मग काहीच दिसत नाही. त्याऐवजी दोन छोटे कंदील साइटच्या मागच्या कोपऱ्यांत जमिनीवर ठेवायचे, त्यांच्या मधे ट्रेलर घालायचा. शेनँडोआतल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडला ३,५०० फुटांवर धुकं उतरलं होतं तेव्हाही याच कंदिलांनी काम झालं.

लागल्यावर लगेच हिच सोडू नका. आधी डावी-उजवी लेव्हल ठोकळ्यांवर, मग चाकांना चॉक (घरंगळू नये म्हणून अडसर), मग हिच, पुढची-मागची लेव्हल शेवटी जॅकने. आणि चहा होईपर्यंत कुणी कुणाला "मी सांगत होतो ना" म्हणायचं नाही, हा नियम नवऱ्याने घातलाय आणि तोच जास्त वेळा मोडतो.

पाचपैकी द्यायचे तर वॉकीटॉकीला पाच, कॅमेऱ्याला अडीच, नवऱ्याला साडेचार (अर्धा "जरासं"चा कापला, अजून अधूनमधून निघतं तोंडून). व्हॉक्सवाले दोन हेडसेट जवळजवळ नवे पडलेत, एडिसनच्या आसपास कुणाला सायकलिंगसाठी वगैरे हवे असतील तर सांगा, निम्म्या किमतीत देते.