ओव्हरपास एपीआयचा कोटा: काही महिने रोज वापरल्यानंतर

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर महाराष्ट्रातल्या किती गावांना मराठी नाव दिलेलं आहे, हे मी गेल्या पावसाळ्यापासून जिल्हावार मोजतेय. बऱ्याच गावांचं नाव फक्त रोमन लिपीत असतं, देवनागरी नाव वेगळ्या टॅगमध्ये (माहितीच्या रकान्यात) भरावं लागतं. कुठे भरलंय आणि कुठे राहिलंय ते रोज बघायचं, तर ओव्हरपास एपीआयशिवाय, म्हणजे त्या नकाशातून हवी तेवढीच माहिती काढून देणाऱ्या सेवेशिवाय, सोयीचा दुसरा मार्ग मला सापडला नाही. रोलँड ओल्ब्रिख्त यांनी उभं केलेलं हे सॉफ्टवेअर. त्याचा सार्वजनिक सर्व्हर फुकट आहे आणि त्याला एपीआय की (नोंदणी करून मिळणारी किल्ली) लागत नाही. नकाशात कोणी बदल केला की काही मिनिटांत तो क्वेरीत, म्हणजे सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात, दिसतो.

फुकट आहे म्हणजे कोटा (वापराची मर्यादा) नाही, असं मात्र नाही. तो नेमका कसा चालतो हे समजून घेतलं तर ही सेवा फार उत्तम आहे. न समजता वापरली तर माणूस दोन दिवसांत वैतागतो.

सर्व्हरचं एक स्टेटस पान आहे. ते उघडलं की तुमची ओळख म्हणून एक आकडा दिसतो. त्याखाली सर्व्हरची वेळ, 'रेट लिमिट', मोकळे स्लॉट (क्वेरी चालवायच्या जागा) आणि तुमच्या चालू असलेल्या क्वेऱ्या. मला बहुतेक वेळा रेट लिमिट २ दिसलं, म्हणजे एका वेळी दोनच क्वेऱ्या. स्लॉट अडकलेला असेल तर तो किती सेकंदांनी सुटेल तेही लिहिलेलं असतं. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. स्वतःच्या नोंदीही यूटीसीतच ठेवाव्यात, नाहीतर दिवस कुठे संपला यावरून गोंधळ होतो.

क्वेरी संपली की स्लॉट लगेच सुटत नाही. क्वेरी जितका वेळ चालली त्या प्रमाणात तो आणखी काही काळ अडकून राहतो, आणि सर्व्हरवर गर्दी असेल तर हा काळ क्वेरीच्या वेळेच्या कितीतरी पट होतो. स्लॉट नसताना मागणी केली तर सर्व्हर १५ सेकंदांपर्यंत वाट बघतो आणि मग ४२९ हा एरर कोड परत देतो. याचा अर्थ, तुम्ही तुमचा वाटा वापरलाय.

५०४ हा कोड वेगळा. तो बहुतेकदा सर्व्हर भरलेला असल्याचा निरोप असतो, पण त्यातही आपल्या हातात बरंच असतं. क्वेरीत टाइमआउट आणि मेमरीची मर्यादा लिहिली नाही, तर १८० सेकंद आणि ५१२ एमबी हवे आहेत असं सर्व्हर धरून चालतो. शिल्लक क्षमतेच्या निम्म्यापेक्षा जास्त मागणारी क्वेरी तो आत घेत नाही. म्हणून मी प्रत्येक जिल्ह्याच्या क्वेरीत टाइमआउट २५ लिहिते आणि मेमरीही बेताची मागते. नुसती गावं मोजायला तेवढं पुरतं. अख्ख्या राज्याची एक अवाढव्य क्वेरी सोडण्यापेक्षा ३६ जिल्ह्यांच्या ३६ छोट्या, एकामागून एक सोडलेल्या केव्हाही बऱ्या. आणि आकडाच हवा असेल तर क्वेरीत 'आउट काउंट' ही आज्ञा वापरावी. गावांची सगळी यादी उतरवून घरी मोजत बसायची गरजच नाही, उत्तर मोजक्या ओळींचं येतं.

जिल्हा नावाने शोधू नका, हेही जाता जाता सांगते. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. नकाशातलं नाव बदललं की नावावर बेतलेली क्वेरी शून्य परत देते आणि कोटा मात्र खाते. जिल्ह्याच्या सीमेची नकाशातली नोंद म्हणजे 'रिलेशन'. तिच्या क्रमांकात ३६० कोटी मिळवले की एरियाचा, म्हणजे सीमेच्या आतल्या क्षेत्राचा, क्रमांक मिळतो. तोच वापरावा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ओव्हरपासच्या माहितीपुस्तिकेत दिवसाला १०,००० पेक्षा कमी क्वेऱ्या आणि १ जीबीपेक्षा कमी डाउनलोड, असा अंदाज दिलाय. तेवढ्यात राहिलात तर इतरांना त्रास होत नाही. पण आज तुमच्या किती झाल्या हे स्टेटस पान सांगत नाही. ते फक्त या क्षणाचं बोलतं. त्यामुळे दिवसाचा रोजमेळ आपणच लिहायला हवा.

मी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये एकच टेबल ठेवलंय: वेळ, जिल्हा, उत्तराचा कोड, किती बाइट, किती सेकंद आणि रिमार्क. रात्री एक क्वेरी चालते: आजच्या ओळी मोजा, बाइटची बेरीज करा, कोडनुसार गट करा. त्यावरून रोजचा वापर किती ते समजतं. दुसरी क्वेरी ४२९ आणि ५०४ तासानुसार दाखवते. तिच्यातून दिसलं की मला ५०४ संध्याकाळी जास्त येतात आणि पहाटे क्वचितच. तेव्हापासून मोजणी पहाटे चालते.

रिमार्कचा रकाना गाळू नका. टाइमआउट झालेली क्वेरी कधीकधी २०० हाच, म्हणजे 'सगळं ठीक' सांगणारा, कोड घेऊन येते आणि उत्तरातल्या 'रिमार्क'मध्ये 'रनटाइम एरर' लिहिलेलं असतं. नुसता कोड बघणारा प्रोग्राम ते उत्तर बरोबर समजून साठवतो. अपुरा आकडा खरा म्हणून पुढे जाणं, हे क्वेरी नाकारली जाण्यापेक्षा वाईट.

माझी एक खरी अडचण घरच्या इंटरनेटवर अजून सुटलेली नाही. कोटा आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावर) मोजला जातो. माझी इंटरनेट सेवा अनेक ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवते. एकदा स्टेटस पानावर मी न सोडलेली क्वेरी चालू दिसली. माझ्या टेबलात त्या वेळेची ओळच नव्हती, म्हणून खात्रीने सांगता आलं की ती माझी नाही. कंपनीकडे तक्रार केली, उत्तर मिळालं नाही. शेवटी स्वतंत्र आयपी असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि मोजणी तिथून चालवते.

गूगलच्या नकाशा सेवांमध्ये वापराचे आलेख तयार मिळतात, हे मान्य. पण त्यांचा हिशोब पैशांचा आहे. दरमहा २०० डॉलरची सवलत मार्च २०२५ मध्ये गेली आणि प्रत्येक सेवेची वेगळी फुकट मर्यादा आली. शिवाय कच्चा डेटा ते असा हातात देत नाहीत. पत्ते शोधायला ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं नॉमिनॅटिम आहे, त्याच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला एकच मागणी चालते.

तुमच्या टेबलातला रोजचा आकडा १ जीबीकडे सरकत असेल, तर सार्वजनिक सर्व्हरवर भार टाकू नका. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा विभागवार देणाऱ्या जिओफाब्रिकच्या साइटवरून भारताच्या पश्चिम विभागाची फाइल उतरवा, पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये भरा आणि हव्या तेवढ्या क्वेऱ्या घरच्या मशीनवर चालवा. पूर्ण राज्याची वर्षातून एखादी मोठी मोजणी मी तशीच करते. ताजा बदल बघायला मात्र ओव्हरपासच लागतो. त्याच्या स्टेटस पानावर दिवसाभरात वापरलेल्या बाइटची एक ओळ आली, तर माझं निम्मं टेबल मी आनंदाने काढून टाकेन.