पॅचचं बिल फाईलला होतं, पॅच सर्व्हरवर नव्हता : सांगलीतल्या या सर्व्हिसचा माझा अनुभव

सर्व्हर, डोमेन, नेटवर्क असलं काही काम असेल तर या लोकांना बोलवा. पाचपैकी साडेचार स्टार देतोय, अर्धा कशाचा कापला ते खाली लिहिलंय. जरा मोठं लिहितोय कारण आपल्या सांगली-कुपवाडात आमच्यासारखे बरेच सर्व्हर असणार आणि त्यांच्या मालकांना पत्तासुद्धा नसणार.

आमचा हळद पावडरीचा कारखाना कुपवाड एमआयडीसीत आणि ऑफिस गावभागात. एकूण ३४ कॉम्प्युटर, सगळे एका विंडोज सर्व्हर २०१६ ला जोडलेले, म्हणजे कुणी लॉगिन करायचं, कुणाला कुठला फोल्डर दिसायचा हे सगळं (यालाच डोमेन म्हणतात) त्या सर्व्हरवरच्या एका यादीत, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत. मी अकाउंट्स बघतो आणि कॉम्प्युटरचंही माझ्याकडेच असतं. दिवाळीनंतर पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाचा फॉर्म आला, त्यात एक प्रश्न होता की झिरोलॉगॉनचा पॅच टाकलाय का, म्हणजे विंडोज सर्व्हरमधलं त्या नावाचं भोक बुजवणारा अपडेट, पुरावा जोडा. मी निवांत, कारण नोव्हेंबर २०२० चं आधीच्या सर्व्हिसवाल्याचं बिल फाईलला होतं, त्यावर पॅच टाकल्याचं स्वच्छ लिहिलेलं. पण बिल चालणार नाही, टेस्टचा रिपोर्ट पाहिजे म्हणाले, म्हणून यांना फोन केला.

दोघं आले, एक थोराड आणि एक पंचविशीतला पोरगा. आल्या आल्या सर्व्हरला हात लावला नाही. "साहेब, आधी बॅकअप घेऊ, तो परत उघडतोय का बघू, मग टेस्ट." ज्याने झिरोलॉगॉन शोधलं तो टॉम टेर्वोर्ट तेव्हा नेदरलँड्सच्या सेक्युरा कंपनीत होता, त्या कंपनीने एक छोटी स्क्रिप्ट सगळ्यांसाठी मोकळी ठेवलीय, ती सर्व्हरचा पासवर्ड बदलत नाही, नुसतं दार ढकलून बघते. पोराने लॅपटॉपवर ती चालवली. काळ्या स्क्रीनवर बरोबरची (=) चिन्हं एकापुढे एक पडायला लागली, एक चिन्ह म्हणजे एक प्रयत्न. तिसऱ्या का चौथ्या ओळीच्या मध्यातच रांग थांबली आणि खाली आलं की सर्व्हर पूर्ण ताब्यात घेता येतो. चहाचा कप हातात तसाच राहिला माझ्या.

मग बिल काय खोटं होतं का? नव्हतं. हे मला थोरल्याने शोधून दाखवलं आणि यासाठीच मी यांना मानलं. जुलै २०२१ च्या पुरात ऑफिसात पाणी आलं, सर्व्हर आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्क सगळं गेलं. वाचली ती कारखान्यात पडलेली जानेवारी २०२० ची एक जुनी इमेज, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी. नव्या मशीनवर तीच टाकली, ३४ कॉम्प्युटर एकेक करून परत डोमेनला जोडले, आठवडाभर तेच चाललं होतं. मायक्रोसॉफ्टचा पॅच आला ११ ऑगस्ट २०२० ला. म्हणजे पॅच पुराबरोबर गेला, बिल तेवढं वरच्या मजल्यावरच्या कपाटात कोरडं राहिलं. पुराच्याच वर्षी, २०२१ च्या ऑगस्टनंतर, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या अपडेटचा गोंधळ झाला होता, ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायला लागला आणि आमची बिलं छापायची थांबली, तेव्हा आधीच्या माणसाने नव्या सर्व्हरवर काही पडायच्या आतच त्याचे अपडेट बंद करून ठेवले आणि ते तसेच राहिले.

भोक कसलं आहे ते पोराने गेटपासच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून समजावलं. कॉम्प्युटर सर्व्हरशी नेटलॉगॉन नावाच्या विंडोजच्या ओळख पटवायच्या पद्धतीने बोलतो, आणि मला पासवर्ड माहीत आहे हे त्याला पासवर्ड न सांगता पटवून द्यावं लागतं, एईएस नावाची गुप्तलेखनाची पद्धत वापरून आठ बाइटचं उत्तर काढून. त्या हिशोबाला सुरुवातीला १६ बाइट दर वेळी नवे, कुणाला अंदाज येणार नाही असे द्यायचे असतात. तिथं कायम शून्यच भरलेली होती. त्यामुळे घुसणाऱ्याने पासवर्ड माहीत नसताना नुसती शून्यं पाठवत राहिलं तरी सरासरी २५६ पैकी एका वेळी उत्तर बरोबर निघतं. माणसाचं खातं चार वेळा चुकलं की लॉक होतं, कॉम्प्युटरचं खातं होत नाही, म्हणून तो हाणतच राहतो, दोनचार सेकंदात आत. मग सर्व्हरचा स्वतःचाच पासवर्ड रिकामा करायचा, झालं, सगळा डोमेन त्याचा. धोक्याच्या मोजणीत याला १० पैकी १० मार्क आहेत आणि अमेरिकेच्या सरकारने १८ सप्टेंबर २०२० ला, शुक्रवारी, आपल्या नागरी (लष्कर सोडून) ऑफिसांना सोमवारपर्यंत पॅच टाका असा हुकूम काढला होता. फक्त आतल्या नेटवर्कपर्यंत पोचावं लागतं. आमच्याकडे ट्रकचे ड्रायव्हर बसतात त्या खोलीतलं वायफाय त्याच नेटवर्कवर होतं, पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. ते त्यांनी त्याच दिवशी वेगळं केलं.

आता खरं काम. मला वाटलं अपडेटचं बटण दाबतील, रिस्टार्ट करतील आणि जातील. तसं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी डिस्पॅच बंद पडलं असतं. मायक्रोसॉफ्टने हे दोन टप्प्यांत केलंय. ऑगस्ट २०२० च्या पॅचने सर्व्हर आणि विंडोजवाले कॉम्प्युटर लगेच सुरक्षित होतात, पण जुन्या पद्धतीने बोलणाऱ्या बाकीच्या डिव्हाइसला तो आत येऊ देतो आणि फक्त नोंद करतो, इव्हेंट नंबर ५८२९. ९ फेब्रुवारी २०२१ पासूनचे अपडेट अशा डिव्हाइसला थेट दारातूनच परत पाठवतात. यांनी रविवारी आधी या दोन टप्प्यांच्या मधल्या काळातला अपडेट टाकला आणि आठ दिवस नोंदी बघितल्या. एकच नाव सारखं येत होतं, वजनकाट्याच्या स्लिपा जिथं साठतात तो जुना नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा. त्याच्या कंपनीचा अपडेट आता येत नाही. मी म्हटलं त्याला सूट द्यायची सोय असेल की. थोरला म्हणाला, "सूट देता येते साहेब, ग्रुप पॉलिसीत, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये आहे, पण तेवढं भोक उघडंच राहतं, मी देणार नाही." नॅसवरच्या स्लिपा सर्व्हरवर हलवल्या, नॅस डोमेनमधून काढला, मगच पुढच्या रविवारी शेवटपर्यंतचे सगळे अपडेट टाकले.

आधीच कुणी घुसून गेलंय का, हेही बघितलं. सर्व्हरच्या खात्याचा पासवर्ड निनावी लॉगिनने बदललाय का ते ४७४२ नंबरच्या नोंदीत शोधलं. काही सापडलं नाही, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की लॉगच फक्त १९ दिवसांचा आहे, त्याच्या मागचं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून अ‍ॅडमिनचे सगळे पासवर्ड बदलले आणि केआरबीटीजीटी नावाच्या खात्याचा (डोमेनमधल्या सगळ्या लॉगिनच्या तिकिटांवर याच्याच पासवर्डचा शिक्का असतो) पासवर्ड दोनदा बदलला, मध्ये एक दिवस सोडून, कारण ते खातं मागचा एक पासवर्ड लक्षात ठेवतं आणि एकदाच बदलला तर चोरलेला जुना चालूच राहतो.

शेवटी परत तीच स्क्रिप्ट. या वेळी चिन्हांच्या ओळीवर ओळी पडत गेल्या, स्क्रीन भरून वर सरकायला लागली, मी खुर्ची ओढून समोरच बसलो होतो. २००० प्रयत्न झाले आणि अटॅक फेल असं आलं. आधीचा आणि नंतरचा दोन्ही फोटो रिपोर्टला जोडून दिले, गिऱ्हाईकाने तसाच घेतला.

अर्धा स्टार कापला तो फोनसाठी. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, नॅस काढला त्या रात्री एका पीसीवर स्लिपांचा फोल्डर दिसेना आणि सकाळपर्यंत दोन गाड्या गेटवर थांबल्या, हे बरोबर नाही. असं काम असताना एक तरी नंबर रात्री चालू पाहिजे. पैसे अठरा हजार अधिक जीएसटी, चार खेपा धरून. मला जास्त वाटले नाहीत.

गावभागातल्या एकाच सर्व्हरवर सगळं अवलंबून ठेवू नका असं त्यांचं म्हणणं होतं, ते मालकांना पटलंय. दुसरा डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन सांभाळणारा असाच दुसरा सर्व्हर, कुपवाडला कारखान्यात बसवायचा ठरलाय, मे महिन्यात, नदीला पाणी यायच्या आत.