कणकुंबीचा पाऊस, सौंदत्तीचं ऊन: कॅमेऱ्यात रोल कुठला भरायचा?

मलप्रभा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते. नदी तीच, जिल्हा तोच, पण उजेड दोन तऱ्हांचा. वर जंगल, धुकं, ओला जांभा. खाली उघडं माळरान आणि डोळे दिपवणारं ऊन. म्हणून ब्लॅक अँड व्हाइटचा पहिला रोल घेणारा ‘इलफर्डचा एचपी५ घेऊ की एफपी४?’ असं विचारतो, तेव्हा मी उलट विचारतो, जाणार कुठं?

एचपी५ प्लसचा वेग (उजेड टिपायची क्षमता, आयएसओ) ४००, एफपी४ प्लसचा १२५. फरक पावणेदोन स्टॉपांच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ऐकायला किरकोळ आहे, पण श्रावणात जांबोटीच्या पुढच्या झाडीत शिरून बघा. ढग दाटले की एफ/५.६ या अॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राला) ४०० चा रोल सेकंदाचा तिसावा भाग मागतो आणि १२५ चा दहावा. वर पिवळा-हिरवा फिल्टर लावलात की आणखी एक स्टॉप गेला. तो लावावाच लागतो, कारण पावसाळी रानातला सगळा हिरवा फिल्मवर एकाच राखाडीत मिसळतो. फिल्टरनं पानं उजळतात आणि भिजून काळी झालेली खोडं त्यांच्यातून सुटी होतात. मी एकदा हट्टानं एफपी४ घेऊन, ट्रायपॉड घरी ठेवून चोर्ल्याच्या बाजूला गेलो होतो. छत्तीसांतले चार धड आले, बाकी सगळ्यांत हात हललेला.

धुक्यात एचपी५ जरा मिळमिळीत दिसतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय सोपा: मीटर ८०० वर ठेवायचा आणि रोल आयडी-११ या डेव्हलपरच्या (फिल्म धुण्याच्या रसायनाच्या) मूळ, पाणी न घातलेल्या द्रावणात २० अंशांवर साडेसातऐवजी साडेदहा मिनिटं धुवायचा. काळं-पांढरं ठसठशीत होतं. दाणा (फिल्मचा खरखरीतपणा) वाढतो, पण धुक्यात तो खुपत नाही.

तो खुपतो आकाशात. सौंदत्तीच्या माळावर नारिंगी फिल्टर लावून ढग उठवायला गेलात, तर मधल्या राखाडीच्या सपाट आभाळात एचपी५ चा दाणा पहिला दिसतो. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून बारा बाय सोळाचा प्रिंट काढा, मग कळेल. एफपी४ चं आभाळ स्वच्छ येतं, मातीच्या भेगाही रेखीव येतात. शिवाय भर उन्हात एफ/१६ ला त्याला १२५ वा भाग पुरतो. ४०० ला चारशेवा लागतो, आणि जुन्या कॅमेऱ्यांतले कित्येक पाचशेव्यालाच थांबतात.

गोकाकला तर एफपी४ च. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली कोसळते आणि पावसात पाणी गढूळ, तांबूस असतं. लाल फिल्टरमधून हाच तांबूस रंग उजळ होतो, बाजूचा हिरवा गडद. फिल्टर तीन स्टॉप खातो. ऊन पडलं असेल तर एफ/१६ ला १२५ च्या रोलवर पंधरावा भाग येतो आणि धारा वाहत्या दिसतात. एचपी५ वर पन्नासावा, त्यात पाणी अर्धवट गोठतं, ना इकडचं ना तिकडचं.

पहाटे यळ्ळूरच्या राजहंसगडावर मात्र कुठलाही चालेल. एवढ्या लांब एक्सपोजरला फिल्म सुस्तावते, म्हणून मीटर दहा सेकंद म्हणाला तर एफपी४ ला अठरा द्यायचे, एचपी५ ला वीस.

घरी धुणार असाल तर मे महिन्यात बेळगावच्या नळाचं पाणीही विसाच्या वर असतं. तापलेल्या डेव्हलपरमध्ये वेळ आखडतो आणि पाच मिनिटांच्या आत गेलं की डाग पडायची भीती. म्हणून मी आयडी-११ तेवढंच पाणी घालून वापरतो: २० अंशांवर एचपी५ ला १३ मिनिटं, एफपी४ ला ११. आणि डेव्हलपरच्या भांड्याखालच्या बशीत बर्फ.

एकच परवडत असेल तर एचपी५ घ्या. उजेड जास्त झाला तर फिल्टरनं कापता येतो, नसलेला आणायचा कुठून? अपवाद दोनच: तुम्ही उन्हाच्या अथणी-रायबागकडचे आहात, किंवा ट्रायपॉडशिवाय घराबाहेर पडत नाही. आणि १२० चा (रुंद रोलचा) कॅमेरा असेल तर वादच मिटला. सहा बाय सहाची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून मोठी, तिथं एचपी५ चा दाणा शोधावा लागतो. फक्त रोलमागे बाराच फोटो मिळतात, हे खिशाला सांगून ठेवा.