किडनीच्या कॅन्सरची भीती: घर बदलावं की बीपी आटोक्यात आणावा?

वाळत घातलेल्या धुण्यावर बोट फिरवलं की करडी भुकटी लागते. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना हे नवीन नाही. त्यातच नात्यात कोणाला किडनीचा कॅन्सर निघाला, की घरात विषय सुरू होतो: इथलं विकून यावल-फैजपूरकडे केळीच्या मुलखात जायचं का? निर्णय लाखोंचा आहे, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

आधी हवेची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सरकारक ठरवलं. पण तो निकाल फुप्फुसाच्या कॅन्सरचा. मूत्राशयाच्या कॅन्सरशीही संबंध दिसला. किडनीबद्दल तसा निकाल नाही. पुढे २०१७ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. अमेरिकेत सहा लाखांवर लोकांचा १९८२ पासून २२ वर्षं मागोवा घेतला होता. हवेतले पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक) कण घनमीटरमागे ४.४ मायक्रोग्रॅमने वाढले, की किडनीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे १४ टक्के जास्त दिसले. युरोपातल्या जवळपास तीन लाख लोकांच्या अभ्यासातही धोका वाढलेला दिसला, पण तिथे रुग्णच ६९७ होते, त्यामुळे हा योगायोग नाही असं छातीठोकपणे सांगता आलं नाही. म्हणजे संशय खरा आहे, पण त्यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही.

आणि धुण्यावरची ती भुकटी? डोळ्यांना दिसणारे कण जाड असतात, बरेचसे नाका-घशातच अडतात. रक्तापर्यंत पोचू शकतात ते न दिसणारे बारीक कण. रुमाल बांधून ते थांबत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क थांबवतो.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. धूम्रपान करणाऱ्या पुरुषाला किडनीच्या कॅन्सरचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे दीडपट असतो. बीपी वाढलेल्यांत तो दीडपटीच्याही वर जातो. वजनाचं तसंच: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) पाचने वाढला की पुरुषांत धोका सुमारे २४ टक्के आणि बायकांत ३४ टक्के वाढतो. हे पुरावे अनेक देशांत पुन्हा पुन्हा तपासले गेलेत. आपल्याकडे पन्नाशीच्या एकाच माणसात या तिन्ही गोष्टी सापडतात, आणि बीपीची गोळी मात्र 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केलेली असते. ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घर बदलण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही, म्हणून माझा कौल आधी इकडे.

कामाची जागाही बघा. यंत्रांचे भाग ट्रायक्लोरोइथिलीन नावाच्या द्रावणाने धुणाऱ्या कामगारांत किडनीचा कॅन्सर वाढतो, हे २०१२ पासून मान्य झालेलं आहे. एमआयडीसीत किंवा वर्कशॉपमध्ये असं काम करणाऱ्याने गाव बदललं आणि काम तेच ठेवलं, तर त्याला काय उपयोग?

गावाकडची हवा तरी कशी असते? चुलीचा धूर तिथे थेट बाईच्या तोंडावर येतो. कापूस संपला की पऱ्हाट्या पेटतात. हिवाळ्यात थंड हवा खाली दबून राहते, आणि संध्याकाळचा धूर सकाळपर्यंत शेतावर तरंगताना दिसतो. काड्यांवर वांगी भाजून केलेल्या भरताला तोड नाही, ते वर्षातून चार वेळा खुशाल करा. रोजचा स्वयंपाक मात्र गॅसवरच हवा. तिकडे जाऊनही चूलच पेटवणार असाल तर त्या बदलीत हाती फार काही लागणार नाही.

तरीही घर बदलावं असं मी ठामपणे सांगेन, ते घरात दमेकरी, हृदयरोगी किंवा लहान मूल असेल तर. प्रदूषित हवेने फुप्फुसाचं आणि हृदयाचं नुकसान होतं, यात शंका उरलेली नाही. पीएम २.५ साठी आपली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून फक्त ५. आणि केंद्र सरकारच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत जळगावही आहे. त्रास मुख्यतः महामार्गावरच्या ट्रकांच्या धुराचा असेल, तर तालुका बदलायची गरज नाही. रस्त्यापासून तीन-चारशे मीटर आत गेलं तरी तो बराच कमी होतो.

घर कुठेही असो, लघवीत एकदा जरी रक्त दिसलं तरी 'उन्हाळी लागली' किंवा 'मुतखडा असेल' म्हणून धण्याच्या पाण्यावर भागवू नका. दुखत नसेल तर उलट जास्त घाई करा. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी त्याच आठवड्यात करून घ्या. किडनीची गाठ लहान असतानाच सापडली तर अनेकदा तेवढा भाग काढून उरलेली किडनी वाचवता येते.