विहारातून नोकरीसाठी मदत: व्हॉट्सअ‍ॅप गट की रविवारची बैठक?

नोकरी शोधणाऱ्या उपासक-उपासिकांसाठी काही करायचे असे बुद्धविहाराच्या समितीने ठरवले, की सहसा दोन मार्ग पुढे येतात. एक, नोकरीच्या जाहिरातींचा व्हॉट्सअ‍ॅप गट. दुसरा, रविवारच्या वंदनेनंतर विहारातच भरणारी मार्गदर्शन बैठक. नाशिकमधल्या आमच्या विहारात दोन्ही चालवून पाहिले आहे. माझे मत तेवढ्या अनुभवापुरतेच घ्यावे. अभ्यासिका हा तिसरा मार्ग आहेच, पण तो मुख्यतः स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या उपयोगाचा. ज्याला पुढच्या महिन्याचे घरभाडे भरायचे आहे, त्याची गरज वेगळी असते.

गटाची सोय नाकारता येत नाही. पुण्याला किंवा आखातात गेलेला माणूसही त्यात राहतो, सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार हवे आहेत हे सर्वांना तासाभरात कळते, आणि ज्याला रविवारीही पाळी असते तो वंचित राहत नाही.

तरीही एका गोष्टीमुळे माझे मन गटावरून उडाले: तिथल्या जाहिरातीला कोणी धनी नसतो. मुदत उलटून गेली आहे का, नेमणूक कंपनीची आहे की कंत्राटदाराची, नोंदणीच्या नावाखाली पैसे मागितले जातात का, यांतले काहीही पाठवणाऱ्याला ठाऊक नसते आणि विचारल्यावर ‘मलाही कुणीतरी पाठवली’ एवढेच उत्तर मिळते. एरवी ज्या जाहिरातीकडे मुलांनी दुर्लक्ष केले असते, तिच्यावर ती केवळ विहाराच्या गटावर आली म्हणून विश्वास ठेवतात. विहाराची पत अशी अनोळखी माणसाच्या हाती जावी, हे मला आजही सहन होत नाही.

बैठकीत माहिती आणणारा समोर बसलेला असतो. ‘त्या खात्यात माझा भाऊ आहे, विचारून सांगतो’ असे तो चारचौघांत म्हणाला की पुढच्या रविवारी त्याला उत्तर द्यावेच लागते. शिवाय कागदपत्रे तिथेच पाहता येतात, आणि आमच्याकडे तरी खरी अडचण बहुधा कागदातच निघाली. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात स्थान मिळाले. पण केंद्राच्या भरतीसाठी लागणाऱ्या जातप्रमाणपत्राचा नमुना राज्याच्या नमुन्याहून वेगळा असतो, हे अनेक मुलांना पडताळणीच्या टेबलापाशी पोहोचेपर्यंत माहीत नसते. सरकारी कचेरीत हयात घालवलेला एखादा निवृत्त उपासक फाईल चाळताच ते ओळखतो. जे संकोचापोटी गटावर ‘माझे काम सुटले’ असे कधीच लिहिणार नाहीत, त्या वडीलधाऱ्या माणसांनाही वंदना आटोपल्यावर बाजूला बसून बोलणे सोपे जाते. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका, म्हणजे योग्य मार्गाने उपजीविका करणे, आहे. तेव्हा हे काम विहाराबाहेरचे मानण्याचे कारण नाही.

बैठकीला माणूसबळ मात्र लागते, आणि लग्नसराईत ती ओस पडते. म्हणून सुरुवात वर्षावासात करावी, असे मी सुचवीन. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचनासाठी लोक तसेही जमतात. ज्या विहाराची बहुतेक तरुण मंडळी परगावी आहेत, त्यांना कदाचित गटच सोयीचा पडेल. तसे असल्यास प्रत्येक जाहिरातीखाली पाठवणाऱ्याने आपले नाव, कोणाकडे चौकशी केली ते आणि चौकशीची तारीख लिहिलीच पाहिजे, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा.