‘दोनदाच उडवलंय’ म्हणून गळ्यात मारलं जाणारं हेलिकॉप्टर

सायमा एस107सारखं रिमोटवर उडणारं छोटं कोअॅक्सियल (एकावर एक दोन रोटर असलेलं) हेलिकॉप्टर हातात बसलं की पुढचं मोठं हवंसं वाटतं. नेमकी तेव्हाच वापरलेल्या हेलीची जाहिरात दिसते: ‘450 साइज, सहा चॅनेल (रिमोटवरून वेगवेगळी हलवता येणारी नियंत्रणं), दोनदाच उडवलंय, नवशिक्यांसाठी उत्तम.’

यातला शेवटचा दावा सगळ्यात खोटा. कोअॅक्सियलमध्ये दोन रोटर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, स्टिक सोडली तरी ते स्वतःला सावरतं. 450 हे कलेक्टिव्ह पिचचं यंत्र, म्हणजे उडताना पात्यांचा कोन बदलणारं. त्याची 325 मिमीची पाती मिनिटाला अडीच हजार फेरे घेतात तेव्हा टोकाचा वेग ताशी 300 किमीच्या वर जातो. घरात सुरूसुद्धा करू नये अशी ही वस्तू, आणि ती ‘उत्तम’ म्हणून विकली जाते.

‘दोनदाच’ हेही तपासून घ्या. नवी कोरी कॅनोपी (पुढचं कव्हर) आणि नवी पाती पाहून खूश होऊ नका. आपटलेल्या हेलीचे तेवढेच दिसणारे भाग बदलले जातात. आतली फेदरिंग शाफ्ट (पाती जिच्यावर बसतात ती आडवी दांडी), मेन शाफ्ट (रोटरची उभी दांडी) आणि मेन गिअर तसेच राहतात. वाकडी शाफ्ट व्हिडिओत दिसत नाही, उडवताना मात्र शेपूट थरथरते आणि जायरो (शेपूट स्थिर ठेवणारा सेन्सर) गोंधळतो. बॅटरी काढून मेन गिअर बोटाने पूर्ण एक फेरा फिरवा. एखाद्या जागी अडकला किंवा घसरला तर दात गेलेला आहे. रोटर फिरवून हे कळत नाही, कारण वन-वे बेअरिंगमुळे तो पुढच्या दिशेने मोकळाच फिरतो. शाफ्ट काढून काचेवर लोळवा. वाकडी असेल तर लगेच डुलते. विकणारा स्क्रू उघडू देत नसेल तर उठून या.

सर्वो (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पाहताना आधी मुख्य मोटरच्या तिन्ही वायर सुट्या करा, मगच बॅटरी लावा. स्टिक सावकाश हलवताना सर्वो अडखळला किंवा कुरकुरला तर त्याचे गिअर गेलेत.

बॅटरीत तर सर्रास फसवतात. तीन सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) मीटर 12.3 व्होल्ट दाखवतो, विकणारा म्हणतो ‘जवळजवळ फुल’. बॅलन्स प्लगवर (बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगवर) प्रत्येक सेल वेगळा मोजणारा सेल चेकर लावला की निघतं 4.2, 4.2 आणि 3.9. तो तिसरा सेल उडताना आधी बसणार. फुगलेली लायपो फुकटसुद्धा घेऊ नये.

फोटोत रिमोट असतो, सौद्यात नसतो. ‘बाइंड अँड फ्लाय’ म्हणजे रिमोट वेगळा घ्यायचा, आणि 2.4 गिगाहर्ट्झ असले तरी एका प्रोटोकॉलचा (सिग्नलच्या भाषेचा) रिमोट दुसऱ्या प्रोटोकॉलच्या रिसीव्हरशी जुळत नाही. चॅनेलचे आकडेही फुगवतात. ‘साडेतीन चॅनेल’मधला अर्धा हा बहुधा नुसता जायरो असतो. अलाइन कंपनीच्या टी-रेक्स 450चे क्लोन (नकला) भरपूर आहेत. क्लोन घ्यायला हरकत नाही, पण अस्सलच्या किमतीत नको. सुटे भाग एकमेकांना बसतात, म्हणून अस्सल खोक्यात अर्धी क्लोन हेली सहज खपते.

मग घ्यायचं काय? कोअॅक्सियलनंतर चार चॅनेलचं फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारं), उदाहरणार्थ डब्ल्यूएलटॉईज व्ही911. ते आपल्याकडे तोंड करून हॉवर करता आलं, म्हणजे हवेत एका जागी ठेवता आलं, की एक्सके के110सारखं, सावरणारा मोड असलेलं छोटं कलेक्टिव्ह पिच. कंटाळवाणा क्रम आहे खरा, पण भिंतीवर आपटून हे छोटं यंत्र बऱ्याचदा वाचतं.

‘टोकन पाठवा, क्यूआर स्कॅन करा, पैसे परत मिळतील’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.