बिडाचं देशी लेथ की नॉबवालं मिडी?

घरच्या शेडमध्ये लाकडाच्या कातकामासाठी पहिलं लेथ मशीन घ्यायचं म्हटलं, की शेवटी गाडी दोन पर्यायांवर येऊन थांबते. एक म्हणजे गुजरातेतल्या राजकोट किंवा पंजाबातल्या बटाल्याच्या बाजूला ओतलं जाणारं बिडाचं देशी मशीन. वेग बदलायला टप्प्यांची पुली, तिच्यावर हाताने सरकवायचा पट्टा आणि साधी सिंगल फेज मोटर. दुसरं, बाहेरून येणारं, टेबलावर मावणारं, नॉब फिरवून वेग कमी-जास्त करता येणारं मिडी, म्हणजे मधल्या आकाराचं लेथ. मावसभावाच्या शेडमधल्या देशी मशीनवर मी बराच काळ काम केलं आणि घरी मात्र मिडी आणलं. म्हणजे माझा कौल कुठे आहे ते कळलंच असेल. तरी देशी मशीनची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही.

पहिली गोष्ट वजन. फणसाचा ओबडधोबड ठोकळा, एका अंगाला साल आणि दुसऱ्या अंगाला गाभा, असा फिरू लागला की हलकं मशीन टेबलासकट सरकायला बघतं. बिडाचं मशीन ढिम्म राहतं. माझ्या मिडीच्या स्टँडवर मी वाळूच्या गोण्या टाकल्या आहेत, तरी सुरुवातीची चार मिनिटं मी बाजूला उभा राहूनच स्विच दाबतो. (बाजूला उभं राहावं ते कुठल्याही मशीनपुढे, पण तो वेगळा विषय.)

दुसरी गोष्ट दुरुस्ती. देशी मशीनची मोटर जळाली तर वाइंडिंगवाला तालुक्याच्या गावीही मिळतो आणि बेअरिंगचा नंबर सांगितला की दुकानदार काउंटरवर आणून ठेवतो. मिडीचं वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल कार्ड गेलं तर ते मागवावं लागणार आणि येईपर्यंत मशीनवर चादर. आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज कसं नाचतं ते पाहता ही धास्ती मला अजून आहे. कार्ड अद्याप गेलेलं नाही, एवढंच सांगू शकतो.

वेग बदलण्याच्या सोयीवर लोक फार बोलतात. इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवायचा, हा जुना आडाखा. म्हणजे 10 इंची वाडग्याला 600 ते 900 फेरे, आणि लाकूड अजून तोलात आलेलं नसेल तर त्याहून कमी. भावाच्या मशीनचा सगळ्यात खालचा टप्पाही आंब्याच्या मोठ्या ठोकळ्याला जरा जास्तच वाटायचा. पट्टा सरकवायचा कंटाळा आला की माणूस पॉलिश पेपरही त्याच वेगावर मारतो, लाकूड तापतं आणि पातळ कडेला तडा जातो. नॉब असला की हे टळतं, थरथर सुरू झाली तर किंचित वेग उतरवून सुटकाही होते. पण खरं सांगायचं तर पट्ट्याची हाताला सवय होते. त्या एका कारणासाठी मी जास्तीचे पैसे मोजले नसते.

मला खरं छळलं ते स्पिंडलच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, आट्यांनी.

भाच्याने अमेरिकेहून येताना लाकूड पकडायचा चार जबड्यांचा चक आणला होता, मशीन घ्यायच्या आधीच. त्याचे आटे तिकडच्या चालीचे, 1 इंच व्यास, इंचाला 8 आटे. युरोपातल्या मशीनवर 33 मिलिमीटर व्यास आणि 3.5 मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, असे असतात. बाहेरच्या मिडींवर सहसा या दोनांपैकी काहीतरी असतं आणि बाजारातला चक, फेसप्लेट (लाकूड लावायची सपाट चकती), वाडगं उलटं धरायचे जबडे, सगळं त्याच मापांत मिळतं. भावाच्या मशीनच्या स्पिंडलवर माझा चक दीड फेरा गेला आणि अडकला. माप घेतलं तर कुठल्याच तक्त्यात बसेना. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: "सोबत फेसप्लेट दिलीय ना, चक कशाला लागतो?"

फेसप्लेटवर कामं होतात, नाही कशी. पोळपाट होतो, थाळी होते. पण ती लाकडाला स्क्रूने धरते. करंड्यासारखी आतून पोकळ, झाकणाची वस्तू करायची तर बुडाला स्क्रूची भोकं राहतात, नाहीतर वायफळ लाकूड चिकटवून त्यात स्क्रू मारायचे. आणि वस्तू एकदा काढली की परत त्याच मध्यावर बसत नाही. चकमध्ये बुडाशी ठेवलेली छोटी खुंटी धरली जाते. झाकण काढा, तोंडाला बसवून बघा, सैल-घट्ट ठरवा, परत लावा.

म्हणून गावातल्या टर्नरकडून अॅडॉप्टर करून घेतला. एका बाजूला मशीनचे आटे, दुसऱ्या बाजूला चकचे. माणूस चांगल्या हाताचा होता. पण चक सरळ फिरतो तो आट्यांमुळे नव्हे. आटे नुसते ओढून धरतात, सरळपणा येतो तो खांद्यामुळे, म्हणजे स्पिंडलच्या ज्या सपाट कडेला चक जाऊन टेकतो त्या कडेमुळे. मधे अॅडॉप्टर आला की एकाऐवजी दोन खांदे स्पिंडलच्या आसाशी काटकोनात हवेत. मापाचा डायल लावून बघितलं तेव्हा चकपाशी आऊट, म्हणजे मध्य सोडून फिरणं, अगदी किरकोळ होता. पण खोलगट वाडग्याच्या तोंडाशी तोच आऊट उघडा पडतो. भिंत एका बाजूला जाड, समोर पातळ, आणि हत्यार फेऱ्यात एकदाच टुक् टुक् लागतंय हे कानाला कळत राहतं. शिवाय अॅडॉप्टरच्या लांबीएवढं काम बेअरिंगपासून पुढे गेलं. मग त्या सगळ्या बिडाच्या वजनाचा उपयोग काय? ते वजन हव्या त्या ठिकाणी पोचतच नव्हतं.

यावर तोडगे आहेत. काही चकना बदलता येणारं इन्सर्ट, म्हणजे मधला आट्यांचा तुकडा, असतं आणि त्यातलं कोरं इन्सर्ट मिळालं तर मशीनच्या मापाचे आटे त्यातच पाडून घेता येतात. अॅडॉप्टरपेक्षा ते कितीतरी बरं. पण पुढे जे जे घ्याल त्यासाठी टर्नरचं दार आलंच. मला लाकूड कातायचं होतं, लोखंड नाही. मिडीवर तोच चक पहिल्या झटक्यात खांद्याला जाऊन टेकला आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला.

हे सगळं माझ्या कामांवरून. मी वाडगी आणि करंडे करतो. तुम्हाला देवघराचे खांब, पलंगाचे खूर, रवी, लाटणी करायची असतील तर चकची गरज क्वचितच पडेल. लाकूड दोन टोकदार आधारांमध्ये धरायचं: एका टोकाला दात्यांचं सेंटर, दुसऱ्याला फिरतं सेंटर, झालं. तिथे लांबी आणि वजन कामाला येतं, आटे कुठलेही असोत. अशा कामाला मी देशी मशीनच सुचवेन, उरलेल्या पैशांत हत्यारं चांगल्या हायस्पीड पोलादाची घ्या. लाखेचं काम डोक्यात असेल तर मात्र पुन्हा नॉबचा विचार करा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि तो वेग हाताने जुळवून घेता आला तर रंग एकसारखा बसतो.

आणि देशी मशीनच आवडलं असेल तर पैसे द्यायच्या आधी हार्डवेअरच्या दुकानातून 1 इंची, इंचाला 8 आट्यांचा नट घेऊन जा आणि तो स्पिंडलवर फिरवून बघा. आपल्याकडे तो बहुधा व्हिटवर्थचा, म्हणजे 55 अंशांच्या आट्यांचा मिळेल आणि चकचे आटे 60 अंशांचे असतात, त्यामुळे ही परीक्षा ढोबळच. पण नट दोन फेऱ्यांत अडकला तर पुढचं सगळं तिथेच कळतं. नट शेवटपर्यंत गेला, तर खांदा सपाट कातलेला आहे का ते बोट फिरवून बघा आणि मगच किमतीचं बोला.